पुस्तकात नसलेला सण

माझ्या लहानपणी सण आमच्या घरी पंचांगातून यायचे नाहीत, खोक्यातून यायचे. वडिलांचं जालन्याच्या बाजारात पुस्तकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार फळ्या आणि खाली गोणपाट. निजामाचं राज्य, शाळा उर्दू, कचेरी उर्दू. मराठी पुस्तकं यायची ती पुण्या-मुंबईकडून, रेल्वेनं. वाटेत जकातीच्या नाक्यावर माल अडायचा. सणाच्या आठ दिवस आधी सुटला तर ठीक, नाही तर वडील स्टेशनावर चकरा मारून बेजार व्हायचे. सण सरल्यावर त्याचं पुस्तक कोण घेणार?

श्रावणाच्या आधी कहाण्यांची पुस्तकं यायची, भाद्रपदाच्या आधी आरत्यांची, संक्रांतीला उखाण्यांची. मोहरमला डोल्यापुढं म्हणायच्या गाण्यांची पातळ चोपडी असायची, ती हिंदू-मुसलमान दोघंही न्यायचे. दिवाळीला जाडजूड अंक यायचे. त्यातल्या चित्रांत बायका खुर्चीवर बसून वाचत असायच्या, आणि त्यांना कुणी हाकही मारत नसायचं. हे मला फार नवलाचं वाटायचं. पान मुडपायचं नाही आणि बोटाला थुंकी लावायची नाही, एवढ्या अटीवर वडील मला सगळं वाचू द्यायचे. मी अक्षर ओळखायला शिकले ती याच पुस्तकांवर.

सगळ्यांत लाडकं पुस्तक कहाण्यांचं. सणासुदीला, व्रताच्या दिवशी, हातात अक्षता धरून बायका ज्या कहाण्या ऐकतात त्या. त्यात एखाद्या बाईवर अन्याय व्हायचा, मग देव म्हातारीच्या नाही तर भिकाऱ्याच्या रूपानं दारात यायचा आणि दोन पानांत निकाल लागायचा. दोन पानांत! आमच्या राज्यातल्या कुठल्या कचेरीत असा निकाल कधी लागला नाही.

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी टेंभुर्णीला आले. घर खाऊनपिऊन सुखी, शेती बरी, थोडा कापसाचा व्यवहार. निघताना वडिलांनी कहाण्यांचं एक पुस्तक लाल फडक्यात बांधून माझ्या पेटीत ठेवलं होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पेटी उघडली, पुस्तक कपाळाला लावलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं.

"सणावारी काढायचं," त्या म्हणाल्या. "रोज पोथी घेऊन बसणारी सून घराला बरी न्हाई."

झालं. पुस्तकाची पोथी झाली आणि माझी पंचाईत. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. मामंजी आधीच वारले होते. आमचे हे जाफराबादच्या शाळेत शिकलेले. उर्दू घडाघडा वाचायचे, पण मराठी अक्षर म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांच्या ट्रंकेत शाळेचं एक जुनं उर्दू पुस्तक होतं. त्यात ईदेचा धडा होता, गच्चीवरून चंद्रकोर बघणारी माणसं आणि शेजारी वाटीत शीरखुर्मा घेऊन जाणारी एक म्हातारी. तो धडा त्यांनी मला वाचून दाखवला, मग पुन्हा वाचायला लावून मी तो पाठच करून टाकला. सणाचं ते माझं दुसरं आवडतं पुस्तक, आणि संसारात त्यांनी माझ्यासाठी मनापासून केलेली ती पहिली गोष्ट.

बाकी मी कोंडलेली होते. हे अगदी सरळ सांगते, कारण पुढं आमच्या घराचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. पण विहीर, चूल, गोठा आणि पुन्हा चूल यापलीकडं मी पाऊल टाकलं नाही. मूलबाळ नव्हतं, त्याचे टोमणे वेगळे. पहिल्या वर्षी चार वेळा माहेरी गेले, ते रीतीपुरतं. त्यानंतर भाऊ मुराळी म्हणून न्यायला यायचा आणि हात हलवत परत जायचा. पंचमीला आला तर खुरपणी चाललेली, दिवाळीला आला तर कापूस वेचायचा, संक्रांतीला आला तर गाय व्यायला झालेली. सासूबाई त्याला पोटभर जेवू घालायच्या आणि वेशीपर्यंत पोचवायला गडी पाठवायच्या. नाही म्हणण्याची रीत अशी गोड होती की भांडताही येत नव्हतं. सासरच्यांनी धाडल्याशिवाय लेक नेली तर तिला परत दार उघडत नाही, हे भावालाही ठाऊक होतं.

तीन वर्षं आईचं तोंड पाहिलं नव्हतं.

फाल्गुनात एकदा हुक्की आली. ज्वारी घरात आली होती, कापूस विकला गेला होता, गाय आटली होती. सासूबाईंपाशी आता एकही सबब उरली नव्हती आणि माझ्यापाशी एकही सण. होळी, रंगपंचमी होऊन गेली होती. गुढीपाडव्याला अवकाश होता. मी म्हणाले, "आत्याबाई, परवा वद्य दशमी. पोथीत त्या दिवसाचा एक वसा दिलाय. आपल्याकडं कुणी करत नाही का?"

वसा म्हणजे घेतलेलं व्रत, घेतला की टाकायचा नाही. सासूबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकतील? मीच आदल्या दिवशी भांडी घासताना तो जुळवला होता. पण देवाधर्मातलं आपल्याला ठाऊक नाही असं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. "आमच्या माहेरी करायचे वाटतं," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या चार बायकांना बोलावणं गेलं.

दशमीला सकाळी देवळीतून पुस्तक निघालं. नव्या ज्वारीच्या पिठाचे पाच मुटके उकडले, शेजारच्या चौघी आणि सासूबाई अशा पाचजणी बसल्या, त्यांनी हातात अक्षता घेतल्या. मी पुस्तक उघडलं, एका सोमवारच्या कहाणीवर बोट ठेवलं आणि मनातली कहाणी वाचू लागले.

एका गावात एक सासू होती, ती सुनेला माहेरी धाडत नव्हती. एके दिवशी तिची चूल पेटेना. फुंकून फुंकून घर धुरानं भरलं. तेव्हा दारात एक म्हातारी आली आणि म्हणाली, बाई, तुझ्या चुलीत एका आईची आसवं पडलीत, लाकूड पेटेल कसं? सुनेची ओटी भर, उद्याच्या उद्या तिला महिनाभर माहेरी धाड, मग चूल पेटेल. सासूनं तसं केलं, चूल पेटली, घरात बरकत आली. म्हातारी साधीसुधी नव्हती हे सांगायला नकोच.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण नेम-धर्माशिवाय वसा कुणाला पटणार? शिवाय मला भीती वाटली की सासूबाई म्हणतील, ही गेली की परत येईल कशावरून. म्हणून त्यांच्या मनाला आधार म्हणून मी पुढं वाचत गेले: हा वसा पाच वर्षं करावा. दर वर्षी त्या दिवशी सुनेनं सासरच्याच चुलीवर आपल्या हातानं रांधावं. त्या दिवशी ती दुसरीकडं राहिली तर सासर आणि माहेर, दोन्हीकडची चूल विझेल.

वाचताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला तो पडेपर्यंत कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेजारणीकडून माझी ओटी भरवली आणि गाडी जुंपायला सांगितली. मी वाटभर हसत होते आणि रडत होते. आईनं विचारलं, "कसं गं धाडलं त्यांनी?" मी म्हणाले, "वसा घेतलाय." आईनं तिथूनच हात जोडले. तिला खरं सांगावं असं एकदा ओठावर आलं होतं. पण ती इतकी निवांत दिसत होती की मी गिळून टाकलं. महिनाभर तिच्या शेजारी बसून पापड लाटले, दुकानातले मागच्या दिवाळीचे न खपलेले अंक वाचले, दुपारी झोपले. दुपारी झोपणं म्हणजे काय ते मी विसरूनच गेले होते.

पुढच्या वर्षी आमच्या घरी पाचाच्या जागी बारा बायका आल्या. वसा गावात लागला होता. ज्या घरच्या सुनेला तीन-तीन वर्षं माहेर दिसलं नव्हतं ती एकादशीला गाडीत बसून निघायची. तिसऱ्या वर्षी आमच्या आळीतून एका दिवशी सात गाड्या निघाल्या आणि पुरुषमंडळी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मला गंमत वाटायची. सासूबाईंचा मान वाढला, कारण वसा त्यांच्या घरून निघाला. त्या आता मला "आमची पोथीवाली" म्हणायला लागल्या होत्या.

चौथ्या वर्षी अष्टमीला दुपारी भाऊ आला. दोन दिवस आधी कसा, असं मी विचारणार तोच त्याचा चेहरा दिसला. आई अंथरुणाला खिळली होती. अन्न तुटलं होतं. सारखी माझं नाव घेत होती.

"वैद्य म्हणले, आता दिवस मोजायचे," भाऊ सासूबाईंना म्हणाला. "मावशी, आत्ताच निघू द्या हिला."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाबा, मी का दगड हाये? पर परवा दशमी. जालन्याला जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. ती परत कव्हा येनार? वसा मोडला तर तुझ्याच घरची चूल इझंल. तुझी माय अशी झोपून राह्यली आन् तू तिच्यावर आनखी हे आनतोस?"

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, "आत्याबाई, तो वसा खोटा आहे. मी रचला. माहेरी जायला मिळावं म्हणून रचला. पोथीत नाही तो."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मायच्या मायेपायी देवाला खोटं म्हनतीस? तीन वर्सं आमच्या म्होरं वाचलंस ना?"

मी देवळीतून पुस्तक काढलं, फडकं सोडलं, एकेक पान त्यांच्यापुढं उलटलं. त्यांना काय कळणार? ह्यांना बोलावलं. ह्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि मान खाली घालून म्हणाले, "मला हे बराबर येत न्हाई." भावानं पुस्तक घेतलं. पुस्तकवाल्याचा मुलगा तो, पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं चाळली आणि म्हणाला, "मावशी, खरंच न्हाई यात."

"तू तिचा भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "तू दुसरं काय सांगशील?"

मी म्हटलं, "मग जोशीबुवांना बोलवा. ते वाचून सांगतील." यावर मात्र त्यांना नाही म्हणता येईना. उद्या सकाळी जोशीबुवा येतील असं ठरलं. मी भावाला म्हणाले, बैल सोडू नको फार लांब, सकाळी निघायचंय.

नवमीला दिवस उगवायच्या सुमारास विहिरीवर गेले तर आळीतल्या सुना माझ्याआधीच येऊन उभ्या होत्या. कुणाच्याही घागरीत पाणी नव्हतं. बातमी गावभर झाली होती. त्यांतली सगळ्यांत धाकटी, मागच्याच वर्षी लग्न होऊन आलेली, पुढं आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"अक्का, जोशीबुवानं न्हाई म्हणलं तर मंग आम्हाला कोण धाडंल?" ती म्हणाली. "माझा बाप परवाच्याला गाडी घेऊन येनार हाये."

दुसरी म्हणाली, "मी पाच वर्सांनी गेल्ते गेल्या साली. फकस्त तुमच्या पोथीमुळं."

मला त्यांचा संताप आला. माझी आई तिकडं शेवटचे दिवस मोजते आहे आणि ह्या आपापल्या गाडीचं बघतायत, असं वाटलं. मी धाकटीचा हात झटकून टाकला. ती रडली नाही, भांडली नाही. तशीच उभी राहिली. मीही तीन वर्षं अशीच उभी राहत होते, भावाची रिकामी गाडी वेशीकडं जाताना बघत. घागर न भरताच मी घरी आले.

जोशीबुवा ओसरीवर येऊन बसले होते. चष्मा पुसत होते. पुस्तक पाटावर ठेवलेलं. मी चौकटीत उभी राहिले आणि म्हणाले, "आत्याबाई, बुवांना कशाला त्रास? मीच काल खोटं बोलले. आईसाठी जीव तुटला म्हणून बोलले. कहाणी पोथीतलीच आहे."

"म्हनलं न्हाई का मी!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक उचलून कपाळाला लावलं. जोशीबुवांना चहा मिळाला. भाऊ माझ्याकडं बघत राहिला. काल त्यानं सगळी पानं चाळली होती, त्याला खरं ठाऊक होतं. मी काहीतरी सांगायला पुढं झाले, पण तो बैल जुंपायला लागला होता. मला न घेता गाडी निघाली.

दशमी उजाडली. मी चूल पेटवली, मुटके उकडले. ओसरीवर वीस-बावीस बायका बसल्या होत्या, मुठीत अक्षता धरून. मी वाचायला लागले. सासू, सून, धूर, म्हातारी. आसवांच्या ठिकाणी दर वर्षी बायका डोळे पुसायच्या, तशा पुसायला लागल्या, आणि मला इतकी चीड आली की पुस्तक चुलीत घालावं असं वाटलं. दोन्हीकडची चूल विझेल, इथवर आले. थांबले. पान उलटलं. आणि तोंडातून पुढचं आपोआप निघायला लागलं.

तेव्हा सून म्हातारीला म्हणाली, आजी, आणि त्याच दिवशी आईचा सांगावा आला तर? म्हातारी म्हणाली, लेकी, आईचा सांगावा आला की तिथी बघू नये, वार बघू नये. हात ओले असतील तर ओल्या हातानं निघावं. तुझी चूल तुझी सासू सांभाळील, आणि तिला तुझ्या रांधण्याचं पुण्य लागेल.

एकीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"हे गेल्या साली वाचलं न्हाईस," सासूबाई म्हणाल्या.

"पान चिकटलं होतं, आत्याबाई. हळदीनं."

त्यांनी माझ्याकडं किती वेळ पाहिलं कोण जाणे. त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांनी मुठीतल्या अक्षता देवापुढं टाकल्या आणि उठल्या. "मंग बसलीस काय? जल्दी ऊठ. चुलीचं मी बघते." ह्यांना हाक मारून म्हणाल्या, "गाडी जुंप."

वाटेत हे गाडी हाकत होते. एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. अष्टमीला भाऊ दारात उभा होता तेव्हाच पुस्तक काढून हे चिकटलेलं पान वाचलं असतं, तर त्याच गाडीतून मी निघाले असते, आणि विहिरीवरच्या एकीचंही काही बिघडलं नसतं. पण मला त्या वेळी खरं बोलायचं सुचलं. आयुष्यभर लोक खरं बोलावं म्हणून शिकवतात. मी एकदाच बोलले, आणि त्यात माझे दोन दिवस गेले.

एकादशीला दिवस मावळताना जालन्याला पोचलो. घरापुढं माणसं बसली होती. आई त्या दिवशी पहाटेच गेली होती, आणि सगळं उरकून मंडळी नुकतीच परतली होती. तिचं अंथरूण दारामागं गुंडाळून ठेवलेलं होतं. मी त्याच्यावर डोकं टेकून पडून राहिले.

पुष्कळ वेळानं भाऊ जवळ येऊन बसला. मी विचारलं, "तू पोचलास तेव्हा शुद्धीत होती?"

"होती. काल दुपारी पोचलो तर दाराकडंच बघत होती. म्हणली, ती कुठाय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार?" तो म्हणाला. "तिचा वसा हाय, करून येती म्हणलं."

"मग?"

"मग म्हणली, बराबर हाय. वसा मोडून येऊ नको म्हणावं तिला." भावानं उपरण्यानं तोंड पुसलं. "आन् भिंतीकडं तोंड करून झोपली. परत दाराकडं बघितलं न्हाई तिनं."